यात्रेला निघताना राखणदाराचे काय?



गेल्या महिन्यात बारामतीच्या एका भगिनींचे पत्र आले. त्यांच्याकडे चार वर्षांचा लॅब्राडोर जातीचा कुत्रा आहे. थंडीच्या दिवसांत घरातील लहानथोर सर्व मंडळी सम्मेदशिखरजींच्या यात्रेस जावयाची आहेत. जाऊन-येऊन बारा दिवस. या बारा दिवसांत कुत्र्याची व्यवस्था काय करावी, यावर त्यांच्या घरी तीन मते पडली आहेत. सासूबाई म्हणतात, पांजरपोळात ठेवावा. मुले म्हणतात, सोबत न्यावा. आणि यजमान म्हणतात, पैसे मोजले की कोणीही सांभाळतो, त्यात एवढा विचार कसला? या तिन्हींतले कोणते मत बरोबर, असा त्यांचा प्रश्न आहे.

पत्र वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. त्यांच्या यजमानांचे जे मत, तेच चार वर्षांपूर्वी आमच्याही घराचे होते. म्हणून उत्तरापूर्वी आमचीच हकीकत सांगते. ती सांगताना संकोच वाटतो, परंतु न सांगता उपदेश करणे त्याहून वाईट.

आमची सांगलीत हळदीची अडत पेढी आहे. भुऱ्या हा काही विकत आणलेला कुत्रा नव्हे. एका पावसाळ्यात गोदामाच्या पत्र्याखाली भिजत पडलेले पिल्लू हमालांनी आत घेतले, ते राहिले. दिवसा गोदामात आणि रात्री घराच्या ओट्यावर, असा त्याचा दिनक्रम. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, त्यामुळे त्याचीही भाकरी दिवेलागणीच्या आधी. ती वेळ टळली तर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसे, पण आत पाऊल टाकीत नसे. मामंजींचा तो विशेष लाडका, जरी मामंजी ते कधी कबूल करीत नसत.

त्या वर्षी दिवाळीत पावापुरीस जाण्याचे ठरले. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, अमावास्येच्या पहाटे, जलमंदिरात निर्वाण लाडू अर्पण करावा, ही सासूबाईंची फार दिवसांची इच्छा. पुढे राजगृही, कुंडलपूर, शिखरजी असे एकूण चौदा दिवस. दीर, जाऊबाई, मुले, सगळेच निघालो. तयारीला महिना लागला. पेढीवरील वहीपूजन कोणी करावयाचे यावर दोन दिवस खल होऊन ते जुन्या दिवाणजींकडे सोपविले. तिजोरीची किल्ली कोणाकडे, गोदामाची कोणाकडे, अंगणातील झाडांना पाणी कोण घालणार, सारे ठरले. भुऱ्यासाठी मात्र एकच फोन झाला.

कोणा नातेवाइकांनी नंबर दिला होता. शहराबाहेर कुत्री सांभाळणारे एक ठिकाण होते. दिरांनी दर विचारला, चौदा दिवस आहेत म्हणून घासाघीस केली, आणि दर उतरल्याचे समाधान मानले. त्या गृहस्थांनी गाडी पाठवून भुऱ्याला घरूनच नेले, म्हणजे जागा पाहण्याचेही कारण उरले नाही. आम्ही सांगितले, मांस-अंडी देऊ नका. ते म्हणाले, हो. संध्याकाळी लवकर जेवू घाला. हो. रोज फिरवून आणा. हो. आता वाटते, ते झटपट आलेले 'हो' ऐकूनच आम्ही सावध व्हावयास हवे होते. एखाद्या नव्या गिऱ्हाइकाने भाव न विचारता, मुदत न विचारता प्रत्येक अटीला मान डोलावली, तर आमच्या पेढीवरचा पोरगासुद्धा त्याला उधार माल देणार नाही.

प्रवासातून तीनदा फोन केला. तीनदा उत्तर आले, मजेत आहे.

परतल्यावर भुऱ्या घरी आला तेव्हा तो ओट्याची पायरी चढला नाही. खालीच उभा राहिला. बरगड्या मोजता येत होत्या. मानेभोवती पट्ट्याखालची कातडी सोलवटून तिचे ओले कडे झाले होते. भुंकण्यासाठी त्याने तोंड उघडले, पण आवाज फुटेना. मामंजी खाली उतरून त्याच्याजवळ मातीतच बसले, धोतराची पर्वा न करता.

खरी हकीकत त्याला पोहोचवावयास आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने सांगितली. पहिले पाच दिवस भुऱ्याने अन्नाला तोंड लावले नव्हते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी बिथरून तो फाटकाखालच्या फटीतून बाहेर पडू पाहत होता, म्हणून त्याला साखळीने बांधला, आणि पुढे सोडावयास कोणाला सवड झाली नाही. दिवाळीमुळे तेथे वीसएक कुत्री जमली होती आणि त्यांच्यामागे हा एकटा मुलगा. तो दुष्ट नव्हता. स्वतःच्या घरची दिवाळी सोडून तो तेथे राहिला होता, आणि सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. फटाक्यांना घाबरणारा कुत्रा आहे, हे आम्ही कोणालाच सांगितले नव्हते. दर दिवाळीत भुऱ्या गोदामात हळदीच्या पोत्यांमागे तीन-तीन दिवस दडून बसतो, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक होते. तरी सांगावयाचे कोणाला सुचले नाही.

बारा दिवसांनी त्याला ताप चढला. रक्त तपासल्यावर गोचिडांमुळे होणारा ताप निघाला. डॉक्टरांनी अठ्ठावीस दिवसांची औषधे दिली. तो वाचला.

त्या दिवसांतच एका संध्याकाळी स्वाध्याय झाल्यावर मामंजींनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार बोटांवर मोजले: प्राण्याला बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही एवढा भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. मोजून झाल्यावर म्हणाले, यांतले पहिले आणि शेवटचे आपल्या खात्यावर पडले. दीर म्हणाले, आप्पा, आपण कोठे बांधले? मामंजींनी उत्तर दिले नाही, फक्त विचारले, कृत, कारित आणि अनुमोदित, यांतले कारित म्हणजे काय रे? त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

(या पाच अतिचारांतील छेदाविषयी जाता जाता लिहिते. डॉबरमनसारख्या कुत्र्याचे कान-शेपूट कापून त्याला 'रुबाबदार' करण्याची हौस आपल्या काही घरांतूनही दिसते. त्यावर पुन्हा केव्हातरी स्वतंत्रपणे लिहीन.)

देशाचा कायदाही मामंजींपेक्षा फार वेगळे सांगत नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राण्याच्या योगक्षेमाची जबाबदारी ज्याच्या ताब्यात तो प्राणी आहे त्या प्रत्येकावर टाकली आहे. म्हणजे सांभाळणाऱ्यावरही ती येते आणि मालकावरूनही ती उतरत नाही. दीर्घ काळ साखळीला बांधून ठेवणे, पुरेसे अन्नपाणी वा निवारा न देणे, सबळ कारणाशिवाय वाऱ्यावर सोडून देणे, हे सर्व त्या कायद्याने अपराध आहेत. एरवी दारात आलेल्या कुत्र्याला शेवटची पोळी घालणारे आपण लोक. परंतु पूर्वी हा प्रश्नच उद्भवत नसे. पंधरा माणसांचे घर सहसा रिकामे होत नसे. यात्रेला चौघे गेले तरी आजी, एखादी काकू, दिवाणजी घरात असत. आता घरे लहान झाली आणि निघतो तेव्हा सगळेच निघतो. कुलूप घराला लागते, पण कुत्रा कुलपात ठेवता येत नाही.

आता भगिनींच्या घरच्या तीन मतांकडे येते.

सासूबाईंच्या पांजरपोळाच्या सूचनेमागे मोठा इतिहास आहे, म्हणून तिचा आदर करूनच लिहिते. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम कडकपणे अमलात आणला, तेव्हा प्रथम पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि बाजार बंद पडले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, आपले शेठ मोतीशाह आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी भुलेश्वरचा पांजरपोळ उभा केला. पालिताण्याची मोतीशाहांची टूक आपण भक्तिभावाने पाहतो. त्याच व्यापाऱ्याच्या या दुसऱ्या कार्याचे मूळ मुंबईच्या रस्त्यावरील कुत्र्यांत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. परंतु पांजरपोळ हा निराधार, म्हाताऱ्या, जखमी जनावरांचा आसरा आहे. आज बहुतेक ठिकाणी तेथे मुख्यतः गाई-बैलच असतात. घरच्या गादीवर झोपणारा लॅब्राडोर तेथे बारा दिवस ठेवणे म्हणजे ज्यांना खरोखर कोणी नाही त्यांच्या जागेत आणि चाऱ्यात वाटा मागणे होय. शिवाय आजारी जनावरांत निरोगी कुत्रा ठेवणे त्याच्याही हिताचे नाही. पांजरपोळाला देणगी अवश्य द्यावी. आपले ओझे देऊ नये.

मुलांचे मत प्रेमाचे आहे, पण प्रवास बारा दिवसांचा आहे. रेल्वेत वातानुकूलित प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावे राखीव असेल तरच कुत्र्याला जवळ ठेवता येते. एरवी त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत एकट्याने जावे लागते. पुढे धर्मशाळांतून कुत्र्याला सहसा प्रवेश नसतो, आणि शिखरजींची सत्तावीस किलोमीटरची वंदना आपण करीत असताना तो खाली मधुबनात कोणापाशी राहणार, हा प्रश्न सुटत नाहीच. दोन दिवसांच्या मोटारप्रवासाला, नात्यातल्या घरी उतरावयाचे असेल तर जरूर न्यावा. या यात्रेला नको.

राहिले यजमानांचे मत. पैसे मोजले की सांभाळणारा मिळतो हे खरे आहे. परंतु कुत्रा ही ठेव आहे. ती बोलत नाही, पावती दाखवीत नाही, आणि परत मिळाल्यावर तिच्यातून काय गेले हे सांगत नाही. माल दुसऱ्याच्या गोदामात टाकण्यापूर्वी आपण ते गोदाम आतून पाहतो. ओल कोठे आहे, उंदीर किती आहेत, रात्री राखणीला कोण असतो, हे सारे विचारतो. तेवढेच येथे करावयाचे आहे.

प्रथम जागा स्वतः पाहावी, शक्यतो न कळविता आणि गर्दीच्या दिवसांत. एरवी चार कुत्री असलेली जागा दिवाळीत अथवा मे महिन्यात कशी दिसते, तेच खरे दर्शन. आत शिरताच वास घ्यावा. फरशी ओली असेल, नाली तुंबलेली असेल, तर पुढे काही विचारण्याची गरज नाही. बाहेरचे फाटक आणि कुत्र्यांची जागा यांच्यामध्ये दुसरे दार आहे का? एकच दार असेल तर ते उघडताच घाबरलेला कुत्रा निसटतो, आणि अनोळखी गावात निसटलेला कुत्रा सहसा सापडत नाही. रात्री तेथे कोण झोपतो, आणि एका माणसामागे कुत्री किती? आजारी पडलेल्याला वेगळे ठेवण्याची सोय कोठे आहे, ती दाखवा म्हणावे. 'आमच्याकडे कोणी आजारी पडतच नाही' असे उत्तर आले तर नमस्कार करून परत यावे.

एक खूण मला डॉक्टरांनी सांगितली, ती फार उपयोगी पडली. ज्या ठिकाणी आपल्या कुत्र्याचे लसीकरणाचे पुस्तक मागत नाहीत, त्या ठिकाणी इतरांचेही मागितलेले नसते. रेबीजची लस तर हवीच. त्याशिवाय डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांची लस, उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस, आणि बरीच कुत्री एकत्र राहतात तेथे हवेतून पसरणाऱ्या संसर्गजन्य खोकल्याची लस, या सर्वांविषयी डॉक्टरांना विचारावे. निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. अंगात प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून तीन आठवडे आधीच तयारीस लागावे. चार महिन्यांखालच्या पिल्लाचे लसीकरण पुरते झालेले नसते, त्याला अशा ठिकाणी ठेवूच नये. मादी असेल आणि तिची शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर ती माजावर येण्याचे दिवस यात्रेच्या तारखांशी जुळत नाहीत ना, हे पाहावे. हे दिवस साधारणतः सहा-सात महिन्यांनी येतात आणि सुमारे तीन आठवडे राहतात. पंचांग पाहून मुहूर्त काढणाऱ्या आपल्या घरांना हा हिशेब अवघड जाऊ नये.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत सर्वांत नाजूक असतो, आणि त्यावर उघडपणे बोलले जात नाही. कुत्रा हा मांजरासारखा केवळ मांसावरच जगणारा प्राणी नव्हे; नीट आखलेल्या शाकाहारावर तो निरोगी राहू शकतो. पण 'नीट आखलेल्या' या शब्दांना अर्थ आहे. नुसती दूध-भाकरी अथवा दहीभात म्हणजे पुरता आहार नव्हे. डाळी, सोयाबीन, पनीर यांतून पुरेशी प्रथिने आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लागणारी पूरक द्रव्ये द्यावी लागतात. आमचे चुकले ते असे की आम्ही फक्त काय देऊ नये ते सांगितले. काय द्यावे, किती द्यावे, कोणत्या भांड्यात द्यावे, यांतले काहीच सांगितले नाही. त्या लोकांनी बिचाऱ्यांनी डाळभात शिजवून रात्री नऊ वाजता पुढे ठेवला. त्यात कांदा-लसणाची फोडणी होती. भुऱ्याने जन्मात तो वास घेतला नव्हता. नंतर डॉक्टर म्हणाले, खाल्ले नाही हेच बरे, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशींना अपाय करतात. आपल्या पुष्कळ घरांत हा धोका आपोआप टळलेला असतो, म्हणून आपल्याला तो माहीत नसतो. मनुका-बेदाण्यांचे मात्र उलट आहे. प्रसादाच्या वाटीतील चार बेदाणे आपण प्रेमाने कुत्र्यापुढे टाकतो. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या, यांचेही तसेच.

यावर उपाय साधा आहे. त्याचा रोजचा शिधा घरूनच द्यावा. आमच्याकडे आता जितके दिवस तितक्या पुड्या बांधल्या जातात, किराणा दुकानातल्यासारख्या, वर तारीख घालून. परत आल्यावर उरलेल्या पुड्या मोजल्या की कुत्रा किती दिवस उपाशी राहिला ते कळते. हिशेबाची ही युक्ती मामंजींची. पहिल्या एक-दोन दिवशी कुत्रे कमी खाते, त्यात घाबरण्याचे कारण नाही; पण दोन दिवस अन्नाला शिवले नाही, अथवा पाणीच प्यायले नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर, हे सांभाळणाऱ्याला लिहून द्यावे. आणि फोनवर 'कसा आहे?' असे विचारू नये. त्या प्रश्नाला 'मजेत' याखेरीज उत्तर नसते. आज किती खाल्ले, शौचाला कसा झाला, कोणत्या वेळी फिरला, असे विचारावे.

डॉक्टरांकडेही चिठ्ठी ठेवून जावे. आपण डोंगरावर असताना फोन लागेलच असे नाही. अमुक रकमेपर्यंत विचारल्यावाचून उपचार करावेत, त्यापुढे अमुक व्यक्तीला विचारावे, असे लिहून थोडी अनामत ठेवली की निर्णय अडत नाही. व्यापारी घराला हे शिकवावयास नको, तरी लिहिते, कारण आम्ही स्वतः केले नव्हते.

दिवाळीसंबंधी थोडे अधिक. माणसाच्या कानाला साधारण वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपासचाही. फटाका त्याच्या कानात काय करीत असेल, याची कल्पना करावी. भित्र्या कुत्र्याला त्या दिवसांत परक्या जागी ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. नाइलाज असेल तर डॉक्टरांकडून योग्य औषध आधीच घ्यावे. माणसांच्या झोपेच्या गोळ्या आपल्या अंदाजाने देऊ नयेत. गळ्यातल्या पट्ट्यावर मोबाइल क्रमांक हवा. कातडीखाली बसविण्याची चिपही मिळते, तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यातील पंधरा अंकी क्रमांकावरून मालकाचा शोध लागतो, मात्र त्या क्रमांकापुढे आपले नाव आणि नंबर नोंदविलेला असावा लागतो.

आता नातेवाईक आणि शेजारी. यांच्याविषयी लिहिणे मला कठीण वाटते, कारण आपल्यात कोणी 'नाही' म्हणत नाही. भिडेस्तव कुत्रा ठेवून घेणारी, पण मनातून त्याला भिणारी वन्सं किंवा वहिनी, ही कुत्र्याला आणि तिला स्वतःलाही शिक्षाच होय. ज्यांना खरोखर आवड आहे, ज्यांच्या घरी तो पूर्वी येऊन-जाऊन राहिला आहे, तेथेच ठेवावा, आणि फुकट ठेवू नये. शिध्याबरोबर मानधन किंवा निदान मानाची भेट द्यावी. उपकाराखाली ठेवलेल्या कुत्र्याची चौकशी आपण मोकळेपणाने करू शकत नाही.

माझ्या मते बहुतेक कुत्र्यांना, विशेषतः म्हाताऱ्या आणि भित्र्या कुत्र्यांना, त्यांच्या स्वतःच्या घरीच ठेवून तेथे ओळखीचा माणूस राहावयास आणणे सर्वांत बरे. जागा तीच, वास तेच, जेवणाची वेळ तीच. मात्र दिवसातून एकदा येऊन भांड्यात अन्न टाकून जाणारा माणूस म्हणजे ही व्यवस्था नव्हे. रात्री कोणीतरी घरात झोपले पाहिजे. त्या माणसाला निघण्यापूर्वी दोन-तीनदा बोलावून, आपल्यासमोर कुत्र्याला जेवू घालावयास आणि फिरवावयास लावावे. ज्यांना कुत्रे बाहेरच ठेवणे भाग आहे, त्यांनीही आधी एक रात्र तेथे ठेवून पाहावी. दुसऱ्या दिवशी आणावयास जाल तेव्हा तो त्या माणसाकडे कसा पाहतो, ते पाहा. मला तरी त्याहून चांगली परीक्षा सापडलेली नाही.

परत आल्यावर काम संपत नाही. त्याच दिवशी बोटांच्या बेचक्या, कानांच्या आतल्या बाजू आणि मानेखाली गोचिडे आहेत का ते तपासावे. आनंदाच्या भरात तो अधाशासारखा खाईल-पिईल, थोडे-थोडे द्यावे. संसर्गजन्य खोकला दोन ते चौदा दिवसांत दिसतो, गोचिडांचा ताप एक ते तीन आठवड्यांनी. कुत्र्याचे अंग एरवीही आपल्याहून गरम असते, १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. तेव्हा हात लावून अंदाज न करता थर्मामीटरच लावावा.

आमच्या भुऱ्याने त्यानंतर घर सोडलेले नाही. गोदामाचे राखणदार आणि त्यांच्या मंडळी, आम्ही गावाला गेलो की, मुलीसह आमच्या घरी राहावयास येतात. त्यांना त्याचा वेगळा पगार असतो. या वर्षीच्या फाल्गुनात जालन्याला लग्नासाठी सहा दिवस गेलो, तेव्हा मामंजींनी सहा पुड्यांबरोबर एक लहान वहीही दिली होती. सकाळी काय, संध्याकाळी काय, ते रोज लिहावयाचे. राखणदारांची मुलगी सहावीत आहे, तिने लिहिले. परत आल्यावर मामंजी चष्मा लावून ती वही खतावणी तपासावी तशी तपासत बसले होते. चौथ्या दिवसाच्या नोंदीवर त्यांनी बोट ठेवले आणि मला वाचावयास दिली. तिने लिहिले होते की आज भुऱ्या जेवला नाही, दाराकडे तोंड करून बसला, मग मी त्याच्याजवळ बसून अभ्यास केला, तेव्हा जेवला. खाली वेळ घातली होती, सहा वाजून दहा मिनिटे. सूर्यास्त व्हावयाचा होता.

बारामतीच्या भगिनींना विनंती, यात्रेच्या तारखा कळवाव्यात. आणि पत्रात आपल्या कुत्र्याचे नाव लिहावयाचे राहिले आहे, तेही कळवावे.